शिवणयंत्राचा अपवाद आणि किर्लोस्करवाडीचा चरखा

महात्मा गांधींच्या यंत्रविषयक विचारांची चर्चा बहुधा 'यंत्र की हस्तव्यवसाय' या द्वंद्वाभोवती फिरते. या चर्चेत यंत्राच्या निगेचा प्रश्न सहसा दुर्लक्षित राहतो. वस्तुतः एखादे यंत्र समाजात रुजते की नाही, हे ते किती काम करते यावर जितके अवलंबून असते, तितकेच ते बिघडल्यावर कोण दुरुस्त करतो यावरही असते. औंध संस्थानातील एका कारखान्यात घडलेला चरख्याचा प्रयोग या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे.

'यंग इंडिया'च्या १३ नोव्हेंबर १९२४ च्या अंकात शांतिनिकेतनचे विद्यार्थी जी. रामचंद्रन यांच्याशी झालेला गांधीजींचा संवाद प्रसिद्ध झाला. त्यात यंत्रांविषयी आक्षेप घेत असतानाच गांधीजींनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. पत्नीचे शिवणकामाचे कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र शोधले, असे त्यांनी सांगितले. अशी यंत्रे तयार करण्यासाठी कारखाने लागतीलच, ही अडचण रामचंद्रन यांनी पुढे करताच त्यांनी ती मान्य केली. मात्र असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे अथवा नियंत्रणाखालील असावेत, असे मत त्यांनी मांडले.

सिंगरची ही प्रेमकथा इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. सुईच्या टोकाजवळ नेढे आणि खाली धोटा, या रचनेचे एकस्व एलायस हौ याने १८४६ मध्येच घेतले होते. आयझॅक सिंगर १८५० मध्ये बोस्टन येथे ऑर्सन फेल्प्स यांच्या कर्मशाळेत आला, तेव्हा तेथे दुसऱ्याच एका रचनेची शिवणयंत्रे दुरुस्तीस येत असत. त्या बिघाडांचा विचार करताना त्याने स्वतःची रचना सिद्ध केली आणि १८५१ मध्ये तिचे एकस्व मिळवले. सारांश, या प्रसिद्ध यंत्राचा जन्म दुरुस्तीच्या बाकावर झाला.

या यंत्राचे खरे सामर्थ्यही तेथेच आहे. वरचा धागा घेऊन सुई कापडाखाली उतरते. किंचित वर येताच धाग्याचा फासा पडतो. बॉबिनचा धागा त्यात अडकतो आणि टाका बसतो. सुई बोथट झाली, उलटी बसली किंवा धाग्याचा ताण बिघडला, तर टाका सुटतो अथवा कापड आवळते. म्हणजे दोष तत्काळ डोळ्यांसमोर येतो. दात्यांत साचलेले तंतू झाडणे, छिद्रांतून तेलाचे थेंब सोडणे, सैल झालेला पट्टा आखूड करणे, एवढी निगा पायाने यंत्र चालवणारा शिंपी स्वतःच राखू शकतो.

दुरुस्तीचे हे महत्त्व लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कार्यक्षेत्रास अपरिचित नव्हते. बेळगावात सायकलींच्या व्यवसायापासून आरंभ करून त्यांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन बिघडते, या समजुतीमुळे आरंभी त्यास गिऱ्हाईक मिळेना. पुढे औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन औंध गाव उत्तर साताऱ्यात व किर्लोस्करवाडी दक्षिण साताऱ्यात गेली. त्या दक्षिण साताऱ्यालाच १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. नांगराचा फाळ झिजणारच. बदली फाळ वेळेवर न मिळाल्यास चांगला नांगरही वळचणीला पडून राहतो. शेतकऱ्याशी कारखान्याचा संबंध विक्रीने संपत नाही, हा धडा या व्यवसायात आपोआप मिळत होता.

१९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्याच्या अटी बोलक्या आहेत. यंत्र खेड्यातील घरात हाताने वा पायाने चालावे; स्त्रीला त्यावर फारसे न थकता आठ तास काम करता यावे; किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी; वेळोवेळी दुरुस्ती केल्यास ते किमान वीस वर्षे टिकावे; आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त साडेसात रुपये! निगेचा खर्च ही येथे केवळ सोय नव्हे, तर पात्रतेची कसोटी ठरली. चरखा संघाला शिवणयंत्राच्या तोडीचे सूतयंत्र हवे होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून गणेश भास्कर काळे यांनी रचलेला चरखा या स्पर्धेत उतरला. त्याचे परीक्षण झाले. परंतु सर्व अटी पूर्ण न झाल्याने त्यास पारितोषिक मिळाले नाही. पुढे ते कोणासही दिले गेले नाही.

या अपयशाचा दोष केवळ रचनाकारावर टाकणे अन्यायाचे होईल. शिवणयंत्रास एकसारखा, तयार धागा मिळतो. त्याचे काम टाका घालण्यापुरते असते. सूतयंत्रास मात्र कमीअधिक जाडीच्या पेळूतून सारखे सूत ओढावे लागते. चात्या वाढवाव्यात तशी बिघाडाची ठिकाणेही वाढतात आणि दोष टाक्यासारखा उघड न दिसता सुतात दडून राहतो. उत्पादन वाढवणारी प्रत्येक भर निगा अवघड करते. एकाच यंत्राकडून दोन्हींची अपेक्षा करणारी ती स्पर्धा म्हणूनच विलक्षण कठीण होती.

पुढे शिवणयंत्रही या नियमातून सुटले नाही. कारखान्यातील विजेवर चालणारे शिवणयंत्र मिनिटास पाच हजारांच्या आसपास टाके घालते. तेल पंपाने खेळवले जाते. धोट्याच्या जागी फिरता हूक असतो आणि त्याचे व सुईचे अंतर केसाएवढ्या सूक्ष्मतेने जुळवावे लागते. त्यामुळे चालवणारी कामगार स्त्री एक आणि निगा राखणारा मेकॅनिक दुसरा, अशी विभागणी झाली. सुई बदलणे व तंतू झाडणे एवढेच तिच्या हाती उरले.

तेव्हा गांधीजींनी केलेला अपवाद 'शिवणयंत्र' या वस्तूपुरता मानणे पुरेसे नाही. चालवणारा आणि सांभाळणारा एकच असतो तोवरच तो खऱ्या अर्थाने लागू पडतो. १९२९ च्या अटींनी हे तत्त्व रुपये आणि वर्षे यांच्या हिशेबात मांडले, हे त्यांचे ऐतिहासिक महत्त्व होय. आणि त्या हिशेबास उत्तर देण्याचा एक गंभीर प्रयत्न किर्लोस्करवाडीत झाला, हे विसरता कामा नये.