नवव्या मिनिटाच्या टाळ्या

३ डिसेंबर २०२४ ला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या स्मारकाचं अनावरण झालं. कार्यक्रम मुंबईचा, पण त्यातली एक छोटी क्लिप माझ्या फोनवर राजूरच्या चार वेगवेगळ्या ग्रुपांवरून आली. विनोद कांबळी खुर्चीत बसलाय. सचिन तेंडुलकर त्याच्याजवळ जातो, हात मिळवतो. कांबळी तो हात सोडायला तयार नाही. पुढे तो सरांच्या आठवणीत एक जुनं हिंदी गाणं म्हणतो, जीभ थोडी अडखळते.

त्या क्लिपखाली लोकांनी जे लिहिलं त्याचे तीनच प्रकार होते. रडणारे इमोजी. ‘सचिनने काय केलं याच्यासाठी?’ आणि ‘दारू प्यायला कोणी सांगितलं होतं?’ अठरा दिवसांनी, २१ डिसेंबरला, कांबळीला ठाणे जिल्ह्यातल्या एका खासगी रुग्णालयात दाखल केलं. मेंदूत रक्ताच्या गुठळ्या असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. मग हेच तीन प्रकार पुन्हा एकदा, जास्त जोरात.

तुम्ही विशीत असाल तर कांबळी तुम्हाला खेळताना आठवणार नाही. म्हणून आकडे सांगतो. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्ड. शारदाश्रम विद्यामंदिरकडून त्याने आणि सचिनने ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. १९९३ मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४ आणि लगेच पुढच्या कसोटीत दिल्लीला झिंबाब्वेविरुद्ध २२७. एकूण १७ कसोटी, १०८४ धावा, सरासरी ५४.२०. शेवटची कसोटी खेळला तेव्हा त्याचं वय २३ होतं.

आणि एक तारीख आकड्यांपलीकडची आहे. १३ मार्च १९९६, ईडन गार्डन्स, विश्वचषकाची उपांत्य फेरी. भारताची अवस्था ८ बाद १२०. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये आगी लावल्या. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. नाबाद कांबळी रडत मैदानाबाहेर आला. ते रडणं पुढे कित्येक वर्षं टीव्हीवर दाखवलं गेलं. बाटल्या फेकणाऱ्यांचे चेहरे मात्र कुणाला आठवत नाहीत. चाहता म्हणजे नुसतं प्रेम असं आपण धरून चालतो, म्हणून ही तारीख लक्षात ठेवायची.

मला या सगळ्यात एक प्रश्न पडला. एकेकाळचा आवडता खेळाडू निवृत्तीनंतर गंभीर आजारी पडतो, तेव्हा चाहत्याने नेमकं काय करायचं असतं? क्रिकेटवेड्या महाराष्ट्रात याचं ठरलेलं उत्तर नाही. फुटबॉलच्या प्रेक्षकांनी मात्र हा प्रश्न आपल्याआधी आणि आपल्यापेक्षा जास्त वेळा हाताळलाय. कधी वाईट रीतीने, कधी चांगल्या.

वाईट रीतीपासून सुरू करू. ब्राझीलचा गारिंचा. पाय जन्मापासून वाकडे, आणि त्याच पायांनी तो बचावपटूंना गरागरा फिरवायचा. १९५८ आणि १९६२ अशा दोन विश्वविजेत्या संघांत तो होता. १९६२ मध्ये पेले जखमी होऊन बाहेर गेला तेव्हा संघ गारिंचाने ओढून नेला. खेळ संपल्यावर दारूने त्याला पोखरलं. १९८० च्या रिओ कार्निव्हलमध्ये मांगेरा या सांबा मंडळाने त्याचा सत्कार करायचं ठरवलं आणि त्याला चित्ररथावर बसवलं. आजारी, सुन्न, नजर कुठेतरी हरवलेला गारिंचा हजारो लोकांनी आणि टीव्हीसमोर बसलेल्या सगळ्या देशाने पाहिला. हेतू चांगला होता. मिरवणूक पुढे गेली, गारिंचा तिथेच राहिला. २० जानेवारी १९८३ ला तो गेला, वय ४९. माराकाना स्टेडियमपासून त्याच्या पाऊ ग्रांदे गावापर्यंत अंत्ययात्रेला रस्ते कमी पडले. म्हणजे माणसं होती, प्रेम होतं. फक्त सगळं आलं ते शेवटच्या दिवशी.

दुसरी गोष्ट स्कॉटलंडची. रेंजर्स क्लबचा माजी खेळाडू, नेदरलँड्सचा फर्नांडो रिक्सन. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याने सांगितलं की त्याला मोटर न्यूरॉन डिसीज झालाय. या आजारात स्नायू एकेक करून काम सोडतात. हात, पाय, बोलणं, गिळणं. बरं करणारं औषध नाही. रेंजर्सच्या लोकांनी मरणाची वाट पाहिली नाही. जानेवारी २०१५ मध्ये आयब्रॉक्स मैदानावर त्याच्यासाठी मदतीचा सामना झाला आणि ४० हजारांहून जास्त लोक तिकीट काढून आले. क्लब तेव्हा वरच्या श्रेणीतही नव्हता. रिक्सनने ते भरलेलं मैदान स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तो २०१९ मध्ये, ४३ व्या वर्षी गेला. आजार हरला नाही, पण त्याआधी काही घडलं होतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. इंग्लंडचा वेस्ट ब्रॉमविच अल्बियन क्लब, ९ नंबरचा खेळाडू जेफ अ‍ॅस्टल. १९६८ च्या एफए कप अंतिम सामन्यात एव्हर्टनविरुद्धचा एकमेव गोल त्याचा. हेडिंग ही त्याची खासियत. त्या काळचा चेंडू चामड्याचा. पावसात पाणी प्यायला की जड व्हायचा. तो चेंडू अ‍ॅस्टलने सामन्यात आणि सरावात हजारो वेळा डोक्याने मारला असणार. पन्नाशीतच त्याला स्मृतिभ्रंश झाला. १९ जानेवारी २००२ ला तो गेला, वय ५९. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने निष्कर्ष काढला: हा व्यवसायजन्य आजार आहे. म्हणजे खाणकामगाराला धुळीने फुफ्फुसाचा आजार व्हावा, तसा याला चेंडूने.

इतका स्पष्ट निष्कर्ष, आणि तरी फुटबॉल चालवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं फारसं काही केलं नाही. २०१४ मध्ये डॉ. विली स्टुअर्ट यांनी अ‍ॅस्टलचा मेंदू पुन्हा तपासला आणि सीटीई हा आजार असल्याचं सांगितलं. डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांमुळे होणारा हा आजार तोवर मुख्यतः मुष्टियोद्ध्यांशी जोडला जायचा. अ‍ॅस्टलच्या कुटुंबाने मोहीम उघडली. क्लबच्या चाहत्यांनी काय केलं? सामन्याच्या नवव्या मिनिटाला उभं राहून टाळ्या. ९ नंबरची जर्सी, म्हणून नववं मिनिट. सोबत फलक: जेफला न्याय द्या. मैदानात खेळ चालू असताना, कॅमेरे चालू असताना, आठवड्यामागून आठवडे.

वरवर पाहिलं तर ही श्रद्धांजली. पण श्रद्धांजलीत मागणी नसते, यात होती. खेळाडू कशाने गेला ते तपासा आणि बाकीच्यांना वाचवा, असं त्या टाळ्या म्हणत होत्या. एप्रिल २०१५ मध्ये जेफ अ‍ॅस्टल फाउंडेशन सुरू झालं. ऑक्टोबर २०१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठाचा अभ्यास आला. त्यात ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या होत्या. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मृत्यू येण्याचं त्यांचं प्रमाण सामान्य लोकांच्या साडेतीन पट निघालं. फेब्रुवारी २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या फुटबॉल संघटनांनी प्राथमिक वयाच्या मुलांना सरावात हेडिंग शिकवू नये, अशी मार्गदर्शक सूचना काढली. त्याच वर्षी १९६६ च्या विश्वविजेत्या इंग्लंड संघातले जॅक चार्लटन आणि नॉबी स्टाइल्स गेले. दोघांनाही स्मृतिभ्रंश होता. बॉबी चार्लटन यांनाही तोच आजार असल्याचं त्या नोव्हेंबरात जाहीर झालं. आता ‘वय झालं होतं’ म्हणून विषय मिटवणं कुणालाच शक्य नव्हतं.

हे सगळं नुसत्या टाळ्यांनी झालं असं मी म्हणत नाही. कुटुंबाची चिकाटी होती, डॉक्टरांचं काम होतं. पण कुटुंब एकटं पडलं नाही, याचं श्रेय स्टँडमधल्या लोकांचं.

आता घरी येऊ. आपल्याकडे खेळाडूसाठी खिशात हात घालायची सवय नव्हती असं नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला खाशाबा जाधव गेले ते वर्गणीवर. कराडजवळच्या गोळेश्वर गावातून आणि आसपासहून पैसे गोळा झाले. राजाराम कॉलेजचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्यासाठी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर कुस्त्या लावून त्यांनी कर्ज फेडलं. पुढे पोलिस खात्यात नोकरी, उतारवयात पेन्शनसाठी झगडा, आणि १९८४ मध्ये अपघाती मृत्यू. जाताना वर्गणी, येताना मिरवणूक. मिरवणुकीनंतरच्या ३२ वर्षांसाठी आपल्याकडे काही पद्धतच नव्हती.

फुटबॉलमध्ये तर त्याहून वाईट. गोव्यातल्या आसगावचा नेव्हिल डिसोझा मुंबईत टाटाकडून खेळायचा. १ डिसेंबर १९५६ ला मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये त्याने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली, भारत ४-२ ने जिंकला आणि उपांत्य फेरीत गेला. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. १९८० मध्ये, ४७ व्या वर्षी तो गेला. मेस्सीच्या दुखऱ्या स्नायूची बातमी पाच मिनिटांत पोहोचणाऱ्या आपल्या ग्रुपांवर मी त्याचं नाव एकदाही पाहिलेलं नाही.

क्रिकेटमध्ये पैसा आला, तशा काही सोयी झाल्या. बीसीसीआयने २००४ मध्ये माजी खेळाडूंसाठी पेन्शन सुरू केली. सुनील गावसकर यांची चॅम्प्स फाउंडेशन १९९९ पासून अडचणीतल्या माजी खेळाडूंना मदत करते. तरी २०२४ मध्ये बडोद्याचे अंशुमन गायकवाड रक्ताच्या कर्करोगाशी लढत होते, तेव्हा संदीप पाटील, दिलीप वेंगसरकर, कपिल देव अशा जुन्या सहकाऱ्यांना आवाज उठवावा लागला. मग बीसीसीआयने एक कोटी रुपये दिले. ३१ जुलै २०२४ ला गायकवाड गेले. त्यांच्या आजारात ना दारू होती, ना बिघडलेल्या मैत्रीचा मसाला. म्हणूनच की काय, आपल्या ग्रुपांवर त्यांची फारशी चर्चा झाली नाही.

कांबळीच्या बाबतीत मसाला भरपूर होता. त्याने स्वतः २०२२ मध्ये मुलाखतीत सांगितलं होतं की बीसीसीआयची ३०,००० रुपयांची पेन्शन हीच त्याची कमाई आहे आणि त्याला काम हवंय. तेव्हा दोन दिवस चर्चा झाली. २०२४ च्या क्लिपनंतर १९८३ च्या विश्वविजेत्या संघातले खेळाडू पुढे आले. व्यसनमुक्तीसाठी त्याने स्वतः पाऊल टाकावं, अशी त्यांची अट होती. ज्या रुग्णालयात तो होता, त्याचा मालक त्याचा चाहता निघाला आणि त्याने मोफत उपचार जाहीर केले. १ जानेवारी २०२५ ला कांबळी घरी गेला, भारताची जर्सी घालून, नशेपासून लांब राहा असं लोकांना सांगत. एप्रिलपासून गावसकरांच्या फाउंडेशनने त्याला महिन्याला ३०,००० रुपये सुरू केले.

मधल्या काळात एक रील फिरलं. रुग्णालयात कांबळी गाण्यावर नाचतोय. लाखो लोकांनी ते पाहिलं, मीही पाहिलं. त्याला ते नाचणं हवं होतं, त्यातून त्याला बळ मिळालं असेल, हे मी नाकारत नाही. पण बघणाऱ्यांचं काय? गारिंचाचा चित्ररथ वर्षातून एकदा यायचा आणि रस्त्याने पुढे जायचा. आपला चित्ररथ खिशात असतो आणि अंगठ्याने पुढे ढकलता येतो. आजारी माणूस पाहून हळहळणं आणि त्याच्यासाठी काही करणं यातलं अंतर फोनने कमी केलेलं नाही. उलट हळहळलो म्हणजे काम झालं, असं वाटायला लागलंय.

‘दारू प्यायला कोणी सांगितलं’ याचंही उत्तर द्यायला हवं. अ‍ॅस्टलचा आजार ‘निर्दोष’ होता, गारिंचाचा आणि कांबळीचा नाही, अशी आपण वाटणी करतो. पण व्यसन हाही आजारच आहे, त्यावर उपचार असतात आणि ते वेळेत मिळावे लागतात. तेविसाव्या वर्षी कसोटी क्रिकेट संपलेल्या मुलाशी पुढे काय करायचं हे बोलणारी कुठलीच व्यवस्था नव्हती. २२४ धावांवर हक्क सांगताना आपण ‘आपला विन्या’ म्हणतो. गुठळ्यांच्या वेळी तो एकदम ‘त्याचा तो’ होतो.

हे मोठ्या लोकांचे प्रश्न वाटतील, पण ते अकोले तालुक्यातही आहेत. राजूरच्या आदिवासी विकास प्रकल्पाच्या आश्रमशाळांमधली पोरं दरवर्षी प्रकल्प पातळीवर, विभाग पातळीवर धावतात, कबड्डी खेळतात. गावोगाव टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, पहिल्या बक्षिसाचा आकडा फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत असतो. तिशीनंतर यांचे गुडघे जातात, खांदे निखळतात, काहींच्या वाट्याला बाटली येते. आजार फारच वाढला की ग्रुपवर क्यूआर कोड येतो. ज्यांना परवडतं ते पाचशे टाकतात, बाकीचे हात जोडल्याचा इमोजी. पुढच्या आजाऱ्यासाठी पुन्हा नवा कोड.

वेस्ट ब्रॉमच्या लोकांकडून घ्यायचं असेल तर ते मागणीचं घेऊ. स्पर्धेच्या प्रवेश फीमधला ठरावीक हिस्सा जुन्या खेळाडूंच्या औषधपाण्यासाठी बाजूला काढायचा. खेळणाऱ्या प्रत्येकाचा अपघात विमा उतरवल्याशिवाय स्पर्धा भरवायची नाही. गावचा जुना कबड्डीपटू दवाखान्यात असेल तर त्याचा फोटो टाकण्याआधी त्याच्या घरी काय लागतं ते विचारायचं. यातल्या एकाही गोष्टीला बीसीसीआय लागत नाही. फ्लेक्सवर बक्षिसाच्या आकड्याखाली एक ओळ वाढवावी लागेल, आणि ती वाढवा असं आयोजकांना सांगणारे वीस-पंचवीस प्रेक्षक लागतील.