ठाण्याच्या जेलची भिंत

डोंबिवली-ठाणे लोकलमध्ये आहात? मग मॅप उघडा, सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि ठाण्याचं जेल शोधा. हा मुळात किल्ला. बुरूज कोन काढून बाहेर आलेत, कारण सरळ भिंतीच्या पायथ्याशी शत्रू लपतो. अशा बुरुजावरून तो तोफेच्या टप्प्यात येतो.

पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांनी. १८१६ मध्ये इथल्या कैदेतून पेशव्यांचे त्रिंबकजी डेंगळे निसटले. पुढच्याच वर्षी युद्ध पेटलं.

शत्रूला बाहेर ठेवायला बांधलेली भिंत आज माणसांना आत ठेवते. आत जाता येत नाही, म्हणून मी ती मॅपवरून वहीत काढतो. एकेक कोन काढताना जाणवतं, इथे कुणीतरी हल्ल्याची वाट बघत रात्री जागवल्यात. तुम्हीही काढून बघा!