दोरावरील शैवालशेती : नामांतरातून दिसणारा इतिहास

दोरावर केल्या जाणाऱ्या तांबड्या शैवालाच्या शेतीचा इतिहास प्रायः व्यापाराच्या आकड्यांवरून सांगितला जातो. तो तिच्या नावांवरूनही वाचता येतो, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

फिलिपीन्सच्या दक्षिणेकडील सुलू द्वीपसमूहात या शैवालास 'अगल-अगल' म्हणतात. मलाय भाषेतील 'अगर-अगर'शी या शब्दाचे नाते उघड आहे. पूर्वी लोक ते समुद्रतळावरून खुडून, वाळवून विकीत. त्यातून निघणाऱ्या कॅराजीनन या घट्टपणा आणणाऱ्या द्रव्याची मागणी वाढली, तेव्हा निसर्गातील साठा अपुरा पडू लागला. हवाई विद्यापीठाचे मॅक्सवेल डोटी यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे लागवडीचे प्रयोग आरंभिले, आणि १९७० नंतर लवकरच सुलूत व्यापारी शेती उभी राहिली. पद्धत साधी होती. उथळ पाण्यात खुंट रोवावयाचे, त्यांवर नायलॉनची दोरी ताणावयाची व तिला शैवालाचे तुकडे बांधावयाचे. येथे बी लागत नाही. तुकडाच वाढतो, आणि सहा ते आठ आठवड्यांत काढणी होते.

या वनस्पतीस प्रथम 'युकेउमा कॉटनी' समजले गेले. १९८५ मध्ये डोटी यांनी ती निराळी जाती ठरवून आपले फिलिपीन्समधील सहकारी व्हिसेन्ते अल्वारेझ यांचे नाव तिला दिले. १९८८ मध्ये तिच्यासाठी 'कॅप्पाफायकस' ही नवी प्रजाती स्थापिली. या नावातील 'कॅप्पा' म्हणजे घट्ट जेली देणारा कॅराजीननचा प्रकार, आणि 'फायकस' म्हणजे ग्रीक भाषेत शैवाल. बाजारपेठेने मात्र जुने नाव सोडले नाही. तेथे आजही 'कॉटनी' हाच शब्द चालतो, व खरी कॉटनी ही त्याहून वेगळीच जाती आहे. तिच्या शेजारी उभा असलेला 'स्पायनोसम' हा शब्दही असाच. त्या वनस्पतीचे शास्त्रीय नाव आता 'युकेउमा डेंटिक्युलाटम' आहे.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. १९८९ मध्ये फिलिपीन्सहून आणलेल्या बेण्यावर झांझिबारला व्यापारी शेती सुरू झाली. तेथे शैवालास स्वाहिली भाषेत 'म्वानी' म्हणतात, आणि उधाणाच्या ओहोटीत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ही शेती प्रामुख्याने स्त्रियाच करतात. 'म्वानी'त दोन्ही वाण सामावतात. खरेदीदाराच्या तराजूवर मात्र ते वेगळे होतात. कॉटनीला भाव अधिक, स्पायनोसमला कमी. पाणी तापल्याने व रोगाने किनाऱ्यालगतची कॉटनी पुढे मरू लागली, आणि त्या स्त्रियांच्या हाती बहुतांशी स्पायनोसमच राहिले. श्रम तेच, दोरी तीच. नाव बदलले की मोबदला घटतो.

म्हणून या विषयाच्या अभ्यासकाने जुन्या अहवालांत 'कॉटनी' हा शब्द आढळताच तो जातिवाचक मानू नये. तो कोणत्या वर्षीचा व कोणाच्या लेखणीतला, वनस्पतिशास्त्रज्ञाच्या की व्यापाऱ्याच्या, हे आधी पाहावे. शास्त्रातील नाव संशोधनाने बदलते. बाजारातील नाव व्यवहाराला चिकटून राहते. या दोहोंमधील अंतरातच दोरीला तुकडे बांधणाऱ्यांच्या वाट्याला काय आले, हे दडलेले असते.