वेगवान बोट निवडताना : आराम आणि जागेची पारख

अमेरिकेतील मायामी शहरात फेब्रुवारी महिन्यात भरणाऱ्या बोटींच्या प्रदर्शनात सर्वाधिक गर्दी खेचतात त्या निमुळत्या, झळाळत्या रंगांच्या वेगवान बोटी. ग्राहक पायऱ्या चढून कॉकपिटमध्ये जातो, आसनावर बसून पाहतो, गादी दाबून पाहतो आणि समाधानाने मान डोलावतो. मात्र ही सारी परीक्षा बोट जागच्या जागी उभी असतानाची असते. हीच बोट ताशी ९६ किलोमीटर, म्हणजे ६० मैल वेगाने धावू लागली, की एका सेकंदात जवळपास २७ मीटर अंतर कापते. समोरच्या लाटांचे माथे एकमेकांपासून आठ मीटरवर असतील, तर दर सेकंदाला तीनहून अधिक वेळा तळ पाण्यावर आदळू शकतो. अशा वेळी मऊ गादीचा उपयोग होत नाही. उलट ती पहिल्याच दणक्यात पूर्ण दबते आणि पुढचा दणका थेट मणक्याला बसतो. वेगवान बोटीचा आराम प्रदर्शनाच्या मंडपात कळत नाही, तो उसळत्या पाण्यातच कळतो.

या बोटींचा जन्म शर्यतीतून झाला, हे लक्षात घेतले तर त्यांच्यातील अनेक गैरसोयींचा उलगडा होतो. रेमंड हंट या अमेरिकी रचनाकाराने बोटीच्या तळाला पुढून थेट मागपर्यंत इंग्रजी ‘व्ही’ अक्षराचा खोल आकार दिला. याच तळाच्या ‘मॉपी’ या बोटीने १९६० मध्ये मायामी ते नासाऊ ही खवळलेल्या समुद्रातील शर्यत जिंकली आणि सपाट तळाच्या वेगवान बोटींचे दिवस भरले. पुढे डॉन ॲरोनाव यांनी मायामीत फॉर्म्युला, डॉन्झी, मॅग्नम आणि सिगारेट या कंपन्या एकामागून एक उभ्या केल्या. त्यांच्या बोटींमध्ये पहिला मान वेगाचा, दुसरा लाटा कापण्याच्या क्षमतेचा होता. प्रवाशाचा क्रमांक त्यानंतर लागे, आणि तो कधी कधी अजूनही तसाच लागतो.

तळाचा उतार जितका तीव्र, तितकी बोट लाटेत सुरीसारखी शिरते आणि दणका सौम्य होतो. शर्यतीच्या परंपरेतील बोटींमध्ये मागच्या टोकाशी हा कोन २४ अंशांच्या आसपास ठेवलेला आढळतो. कौटुंबिक सहलीच्या बोटींमध्ये तो बराच कमी असतो. कोन कमी झाला की बोट उभी असताना डुलत नाही, इंधनही कमी लागते. पण उधाणलेल्या पाण्यात पाठ त्याची किंमत मोजते. विक्रेत्याला विचारण्याच्या प्रश्नांत हा कोन पहिल्या दोघा-तिघांत असायला हवा. पुष्कळदा अश्वशक्तीचेच प्रश्न विचारले जातात आणि तो राहून जातो.

लांबीचा भ्रम

जागेच्या बाबतीत ग्राहकाची सर्वांत मोठी फसगत होते ती लांबीच्या आकड्यामुळे. सिगारेट कंपनीच्या प्रसिद्ध ‘टॉप गन’ या बोटीची लांबी ३८ फूट आहे आणि रुंदी अवघी आठ फूट. अरुंदपणाला दोन कारणे आहेत. एक म्हणजे अरुंद बोट लाटेला कमी अडते. दुसरे कारण रस्त्यावरचे आहे. अमेरिकेत अशा बोटी ट्रेलरवर लादून गाडीमागे ओढत नेतात आणि साडेआठ फुटांहून रुंद बोट महामार्गावर न्यायची तर सामान्यतः स्वतंत्र परवाना काढावा लागतो. या आठ फुटांतून दोन्ही बाजूंच्या भिंतींची जाडी आणि त्यांवरून चालण्याच्या पट्ट्या वजा केल्या, की तिघांना खांद्याला खांदा लावून उभे राहता येईल एवढीच रुंदी हाती उरते. मागचा मोठा भाग इंजिने अडवतात आणि पुढच्या लांबलचक नाकाखाली असलेल्या केबिनमध्ये वाकूनच वावरावे लागते. अडतीस फुटांपैकी माणसांच्या प्रत्यक्ष वापरात येतो तो जेमतेम आठ-दहा फुटांचा तुकडा. त्यात जाहिरातीतील लांबीत कधी मागची पोहण्याची फळीही मिळवलेली असते. ग्राहकाने खिशात मोजपट्टी घेऊन जावे आणि कॉकपिटची आतली लांबी, रुंदी व खोली स्वतः मोजावी, हे उत्तम.

जागेची निकड असलेल्यांसाठी गेल्या काही वर्षांत दोन पर्याय पुढे आले आहेत. पहिला कॅटामरानचा. दोन समांतर तळ आणि त्यांमधील बोगद्यात कोंडलेली हवा बोटीला उचलून धरते, त्यामुळे वेगात ती जणू हवेच्या उशीवर धावते. रुंदी अधिक असल्याने आसनांच्या दोन रांगा ऐसपैस बसतात. मात्र वेग कमी केला की हवेचा आधार जातो, आणि मोठी लाट बोगद्याच्या छताला खालून थापड मारते, तेव्हा तो दणका एकतळी बोटीपेक्षा कठोर वाटू शकतो. केबिनची अपेक्षा तर येथे सोडूनच द्यावी.

दुसरा पर्याय मधोमध सुकाणूचा चौथरा असलेल्या, म्हणजे ‘सेंटर कन्सोल’ बोटींचा. मूळच्या मासेमारीच्या या प्रकाराला वेगवान बोटींच्या कारखानदारांनी गेल्या दशकात आपलेसे केले. बोटीबाहेर टांगलेली इंजिने अधिकाधिक बलवान होत गेली, हे त्यामागचे खरे कारण. मर्क्युरी कंपनीने २०२१ मध्ये तब्बल ६०० अश्वशक्तीचे, बारा सिलिंडरचे असे इंजिन बाजारात आणले. इंजिने बाहेर गेल्यामुळे बोटीच्या पोटातील जागा मोकळी झाली, तेथे आसने आली, सामानाचे कप्पे आले, चौथऱ्याच्या आत छोटे शौचालयही बसले. जे कुटुंब वर्षातून दोनदाच अतिवेगाने जाणार आणि उरलेले दिवस किनाऱ्याजवळ नांगर टाकून पोहणार, त्याच्यासाठी हा प्रकार बहुधा अधिक शहाणपणाचा ठरतो. निमुळत्या बोटीचा रुबाब त्यात नाही, हेही मान्य करावे लागेल.

मणक्याचा प्रश्न

आराम या शब्दाला वेगवान बोटीच्या संदर्भात चैनीचा अर्थ नाही. ब्रिटनमधील ब्रिस्टल चॅनल येथे ऑगस्ट २००८ मध्ये ‘सेल्टिक पायोनियर’ या वेगवान रबरी बोटीतून सहलीला गेलेल्या एका प्रवाशाच्या मणक्याला दुखापत झाली आणि तेथील सागरी अपघात अन्वेषण विभागाने त्याची स्वतंत्र चौकशी केली. बोट उलटली नव्हती की कशावर आदळलीही नव्हती. लाटेवरून उसळून ती खाली आपटली, एवढेच. बसलेल्या माणसाच्या कण्यावर असा दणका उभ्या रेषेत येतो आणि कमरेच्या वरचा मणका चेपला जाऊ शकतो.

म्हणूनच शर्यतीच्या परंपरेतील बोटींत चालक उभा राहतो. गुडघे किंचित वाकवून उभ्या असलेल्या माणसाचे पाय नैसर्गिक स्प्रिंगचे काम करतात. त्यासाठी ‘बोल्स्टर’ नावाचे आसन असते. त्याची बैठक कळ दाबताच खाली पडते आणि मागून व दोन्ही बाजूंनी कंबरेला वेढा मिळतो. या वेढ्यात माणूस घट्ट, पण न कोंबता मावला पाहिजे. सडपातळ चालक रुंद बोल्स्टरमध्ये वळणावर इकडून तिकडे आपटतो. स्थूल प्रवासी अरुंद बोल्स्टरमध्ये गुडघे वाकवूच शकत नाही. कपड्यांप्रमाणेच हेही अंगावर घालून पाहण्याचे प्रकरण आहे.

धक्के शोषणारी, खाली स्प्रिंग व डँपर बसवलेली आसने लष्करी आणि बचाव बोटींतून आता खासगी बोटींतही आली आहेत. कामगारांच्या शरीराला बसणाऱ्या कंपनांबाबत युरोपीय संघाने २००२ मध्ये निर्देश काढला. आठ तासांच्या सरासरीने ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही दखल घेण्याची पातळी आणि १.१५ ही कमाल मर्यादा त्यात ठरवण्यात आली. खासगी मालकाला हा नियम लागू नाही. तरीही आसनविक्रेता कागद पुढे करील, तेव्हा एवढे विचारावे की त्यातील आकडा सरासरीचा आहे की सर्वांत मोठ्या एका दणक्याचा. पाठ मोडते ती सरासरीने नव्हे.

आसन कोठे आहे, यालाही आसनाइतकेच महत्त्व आहे. बोट लाटांवर वरखाली होते तेव्हा मागच्या तिसऱ्या हिश्शात हालचाल सर्वांत कमी आणि नाकाशी सर्वांत जास्त असते. पुढच्या टोकाला आखलेली ऐटबाज गोलाकार बैठक ही नांगर टाकल्यावर गप्पा मारण्याची जागा आहे. धावत्या बोटीत तेथे कोणालाही, विशेषतः मुलांना, बसवू नये. मुलांची अडचण आणखी एक असते. त्यांचे पाय तळाला टेकत नाहीत, त्यामुळे दणका येण्यापूर्वी त्यांना अंग सावरताच येत नाही. प्रत्येक प्रवाशाच्या हाताशी भक्कम दांडा, पायाशी टेकण आणि मांडीच्या वर येणारी कॉकपिटची भिंत हवी. दोन आसनांना मिळून एकच दांडा असेल, तर ते खरे तर एकच आसन समजावे.

भिंतीची उंची आणि आधार यांचे मोल इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या कॅमल खाडीत ५ मे २०१३ रोजी दिसून आले. तीव्र वळणात सहा जणांचे कुटुंबच्या कुटुंब बोटीबाहेर फेकले गेले. इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या अंगाला अडकवलेली नव्हती. रिकामी बोट गोल फिरत पाण्यातील माणसांवर आली. वडील आणि एक मुलगी दगावली. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा कमी लांबीच्या बहुतेक यांत्रिक बोटींच्या चालकाला, बोट वेगात असताना, अशी दोरी किंवा तत्सम साधन वापरणे बंधनकारक झाले आहे. त्याहून मोठ्या बोटींना कायद्याने सूट असली, तरी भौतिकशास्त्राने दिलेली नाही.

बोटीत किती माणसे बसवावीत, हे आसने मोजून ठरवता येत नाही. अमेरिकेत २० फुटांपेक्षा लहान एकतळी बोटींवर माणसांची व वजनाची मर्यादा सांगणारी पट्टी लावणे सक्तीचे आहे. वेगवान बोटी बहुधा त्याहून लांब असल्याने नियमाबाहेर राहतात. युरोपात विकल्या जाणाऱ्या बोटींवर मात्र माणसांची कमाल संख्या आणि ए ते डी यांपैकी प्रवर्ग नोंदवलेला असतो. ‘सी’ प्रवर्गाची बोट दोन मीटरपर्यंतच्या, तर ‘बी’ प्रवर्गाची चार मीटरपर्यंतच्या लाटांसाठी समजली जाते. ही क्षमता बोट तग धरण्याची आहे. त्या लाटांत प्रवासी सुखाने बसतील, असा तिचा अर्थ नाही.

उरलेल्या सोयींपैकी शौचालयाबद्दल संकोच न बाळगता बोलायला हवे. मायामीहून बहामातील बिमिनी बेट सुमारे ८० किलोमीटर आहे; जाऊन-येऊन दिवस जातो. माहितीपत्रकात ‘शौचालय’ असा शब्द असतो, पण त्यात दार लावून प्रौढ माणूस बसू शकतो का, हे बसूनच ठरवावे. वातानुकूलन, जनित्र, शीतकपाट यांच्या बाबतीत हिशेब सरळ आहे. प्रत्येक किलोचे वजन वेगातून वजा होते. सैल सामानासाठी झाकणाचे कप्पे पुरेसे नसतील, तर पाण्याची बाटलीसुद्धा उडून डोक्यात बसते.

बोट कोणत्या पाण्यात फिरणार, यावर बहुतेक उत्तरे अवलंबून असतात. ॲरिझोनाच्या सीमेवरील हवासू सरोवरात ऊन हाच मोठा शत्रू, तेथे सावलीचे छत आधी पाहावे. मिझुरी राज्यातील लेक ऑफ द ओझार्क्समध्ये शेकडो बोटींच्या लाटा काठच्या भिंतींवर आपटून परत येतात आणि पाणी चहूबाजूंनी उसळते. तेथे खोल तळ आणि चांगली आसने यांना पर्याय नाही. मुंबईचे पाणी वेगवान बोटींना नवे नाही. मार्च २०१६ मध्ये मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटींची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली आणि गेट वेहून मांडव्याला स्पीडबोटीने जाणाऱ्यांना दुपारच्या वाऱ्यातील आखूड लाटांचा प्रसाद परिचित आहे. येथे आणखी एक गोष्ट पाहावी लागते. भरती-ओहोटीतील फरक उधाणाच्या दिवसांत चार मीटरच्या पुढे जातो. ओहोटीच्या वेळी शेवाळलेल्या पायरीवरून वृद्ध आईवडिलांना बोटीत उतरवायचे, तर काठावर पाय ठेवायला रुंद पट्टी आणि धरायला दांडा हवा. निमुळत्या बोटींत नेमका त्याचाच अभाव असतो.

चाचणी सफर शांत पहाटे घेऊ नये. वारा सुटल्यावर, इंधनाची टाकी भरून आणि जितकी माणसे नेहमी नेणार तितकी घेऊन ती करावी. आधी ताशी ५० किलोमीटर, मग ८० असा वेग ठेवून प्रत्येकाने प्रत्येक आसनावर दहा-दहा मिनिटे काढावीत. मागच्या आसनावरून चालकाला ओरडून काही सांगता येते का, नाकात धूर जातो का, बोटीचे नाक वर उचलले जाते तेव्हा चालकाला समोरचे दिसते का, हे सारे तेव्हाच कळेल. घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला दुसऱ्या दिवशी सकाळी पाठीची चौकशी करावी आणि मगच धनादेश लिहावा.

जुनी बोट घेणाऱ्याने गाद्यांचे नवे आवरण पाहून हुरळून जाऊ नये. गादी उचलून आतला फोम पिळून पाहावा; पाणी निघाले तर तो निकामी झाला आहे. बोल्स्टरच्या विजेच्या मोटारी दोन्ही दिशांना चालवून पाहाव्यात. आसनाच्या पायाशी, स्क्रूंच्या भोवती, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसल्या, तर आधीच्या मालकाने ती बोट कशी चालवली, याची नोंद तेथेच आहे.