हा प्राणी खातो काय? एका काल्पनिक शिकाऱ्याचा इतिहास आणि तुमची डेटाशीट

समजा, तुम्हाला एका खेळासाठी सरपटणाऱ्या प्राण्यासारखा शिकारी तयार करायचा आहे. अंगावर कवच, मोठा जबडा, तापट स्वभाव. सुरुवात कुठून कराल? बहुतेक जण चित्रापासून करतात. दात किती, शेपटी केवढी, रंग कुठला. तो खातो काय, हा प्रश्न फार उशिरा येतो. कधी कधी येतच नाही.

आज अशाच एका प्राण्याचा इतिहास सांगतो. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी तो का वाचायचा? कारण १९७६ ते १९८९ या तेरा वर्षांत या प्राण्याची नोंद पुन्हा पुन्हा लिहिली गेली, आणि नोंदीचा साचा बदलला तसे त्याला विचारले जाणारे प्रश्नही बदलले. तुमच्या डेटाशीटचंही नेमकं हेच होतं.

पिशवीतली खेळणी

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते, आणि विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावातली टीएसआर ही प्रकाशक कंपनी. खेळ थोडक्यात असा: एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि लढाई झाली की निकाल फाशांवर ठरतो.

खेळाचं मूळ टेबलावरच्या युद्धखेळांत होतं. तिथे सैनिकांच्या छोट्या मूर्ती सहज मिळायच्या, पण राक्षसांच्या मूर्ती मिळायची मारामार. म्हणून गायगॅक्सने स्वस्त प्लॅस्टिक खेळण्यांची एक पिशवी आणली. हाँगकाँगमध्ये बनलेली ती खेळणी 'प्रागैतिहासिक प्राणी' म्हणून विकली जायची, पण त्यातले काही आकार कुठल्याच ज्ञात प्राण्याशी जुळत नव्हते. या आकारांतून पुढे खेळातले तीन प्रसिद्ध प्राणी निघाले: घुबड-अस्वल, लोखंड गंजवून खाणारा रस्ट मॉन्स्टर, आणि आपला आजचा नायक, बुले. इंग्रजी स्पेलिंग बघून 'बुलेट' म्हणावंसं वाटतं, पण उच्चार फ्रेंच थाटाचा, 'बुले'.

बुलेचं खेळणं टिम कास्ककडे आलं. तो 'द ड्रॅगन' मासिकाचा संपादक होता. जून १९७६ च्या पहिल्याच अंकात त्याने बुले छापला. म्हणजे क्रम बघा: आधी आकार, मग नाव, मग गोष्ट. जमिनीखालून येऊन झडप घालणारा म्हणून त्याला 'जमिनीवरचा शार्क' असं टोपणनावही पडलं. 'जॉज' सिनेमा आदल्याच वर्षी येऊन गेला होता.

१९७७ चा साचा: लढाईत काय होईल?

१९७७ साली गायगॅक्सचं 'मॉन्स्टर मॅन्युअल' आलं. साडेतीनशेहून जास्त प्राणी, आणि प्रत्येकाला तेच ठरलेले रकाने. किती दुर्मिळ, एका वेळी किती भेटतात, कवच किती भक्कम, वेग किती, जीव किती फाशांचा, बिळात सापडायची टक्केवारी किती, खजिना कुठल्या प्रकारचा, हल्ले किती, बुद्धी किती, आकार केवढा.

यात 'आहार' हा रकाना नाही.

याला चूक म्हणू नका. हा साचा सूत्रधारासाठी होता. त्याला एकच प्रश्न पडलेला असायचा, की आत्ता, या लढाईत, काय होईल? त्या प्रश्नाशी प्रत्येक रकाना अगदी इमानदार आहे.

आता गंमत बघा. बुले काय खातो, हे त्या पुस्तकात लिहिलेलं आहे! घोडे, माणसं, जवळपास कुठलंही मांस. बुटके हाफलिंग विशेष आवडीचे, ड्वार्फ नावडते, एल्फ तर मुळीच नको. कुणा माथेफिरू जादूगाराने आर्माडिलो आणि स्नॅपिंग टर्टल यांच्या संकरातून त्याला जन्माला घातलं, असा अंदाजही दिलाय. पण हे सगळं खालच्या परिच्छेदात आहे, म्हणजे आपल्या भाषेत 'शेरा' या रकान्यात. बुलेचा आहार कळतो, पण साडेतीनशे प्राण्यांच्या आहाराची तुलना करायची म्हटली तर हात टेकावे लागतात. कुणाच्या शेऱ्यात आहार आहे, कुणाच्या नाही. 'नाही' म्हणजे तो खात नाही, की लिहायचं राहिलं? कळायला मार्ग नाही.

फील्डवर्क करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचा. शेऱ्यातली माहिती ही आठवण असते. डेटा व्हायला तिला स्वतःचा रकाना लागतो, आणि तो प्रत्येक ओळीत भरलेला लागतो, 'आढळलं नाही' असं लिहून का होईना.

तेव्हा जीवाश्मवाले काय विचारत होते?

नेमक्या याच काळात खऱ्याखुऱ्या शिकारी सरीसृपांवर मोठा वाद चालू होता. १९६९ मध्ये जॉन ऑस्ट्रॉमने डायनोनायकसचं वर्णन प्रसिद्ध केलं. पायाला मोठी वाकडी नखी असलेला, चपळ शिकारी डायनोसॉर. एप्रिल १९७५ मध्ये रॉबर्ट बॅकरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये डायनोसॉर उष्ण रक्ताचे होते, अशी बाजू मांडली. त्याच्या युक्तिवादाचा एक खांब आहार हाच होता. सरपटणाऱ्या प्राण्याला तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या साधारण दहावा हिस्सा अन्न पुरतं. म्हणजे त्याच भक्ष्यावर थंड रक्ताचे शिकारी खूप जास्त संख्येने जगू शकतात. जीवाश्मांत शिकारी कमी आणि भक्ष्य भरपूर दिसलं, तर शिकारी उष्ण रक्ताचे असावेत.

युक्तिवाद देखणा होता. पण टीकाकारांनी बोट ठेवलं ते डेटावर. कुठली हाडं टिकतात, कुठली शोधणाऱ्याच्या नजरेत भरतात, कुठली म्युझियममध्ये आणली जातात, यात निवड होते. ते संग्रह मुळात शिरगणतीसाठी केलेलेच नव्हते. एका प्रश्नासाठी गोळा केलेल्या डेटाला दुसरा प्रश्न विचारला की असं होतं. 'मॉन्स्टर मॅन्युअल'ला आहार विचारण्यासारखंच.

याच सुमारास वॉल्टर ऑफेनबर्गने उलटा रस्ता धरला. तो १९६९ मध्ये कोमोडो बेटावर जाऊन राहिला, आणि कोमोडो ड्रॅगन प्रत्यक्षात कसा वागतो, काय खातो हे नोंदवत बसला. त्याचं पुस्तक १९८१ मध्ये आलं. प्रश्न आधी, नोंदवही नंतर.

१९८३ आणि १९८९: रकाना आला

खेळातही ही भूक जागी झाली. १९८३ मध्ये 'ड्रॅगन' मासिकात 'अमुक प्राण्याची इकॉलॉजी' अशी लेखमाला सुरू झाली. पहिला मान पियर्सर या छताला लटकणाऱ्या प्राण्याला मिळाला, आणि त्याच वर्षी बुलेचाही नंबर लागला. आता वाचक विचारू लागले होते, की लढाई नसताना हा करतो काय?

मग १९८९ मध्ये खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत 'मॉन्स्ट्रस कंपेंडियम' आलं. सुट्या पानांची रिंग फाईल, साधारण एका प्राण्याला एक पान. वरच्या तक्त्यात आता हवामान आणि भूप्रदेश, समूहरचना, दिवसातली सक्रिय वेळ आणि 'आहार' हे रकाने होते. खाली लढाईबरोबर 'अधिवास' आणि 'इकॉलॉजी' अशी मथळ्यासकट जागा. पान छापायचं तर रकाना भरावाच लागणार. रिकाम्या रकान्याने लेखकाला प्रश्न विचारायला लावला. बुलेपुढे शब्द पडला: मांसाहारी.

आता बुलेला आपण विचारू

रकाना मिळाला की खरी मजा सुरू होते. बुले जमिनीखालून भक्ष्याचा पाठलाग करतो म्हणे. पण बोगदा खणत एक मीटर पुढे जायला वरून चालण्याच्या शेकडो पट ऊर्जा लागते, हे खणणाऱ्या छोट्या सस्तन प्राण्यांवर मोजलेलं आहे. घोडा पळतोय आणि बुले खणतोय, हा हिशेब बसत नाही. आर्माडिलो खणतो, पण त्याचं खाणं मुख्यतः किडामुंगीचं. आपलं खवल्या मांजर बघा, अंगभर कवच, दणकट नख्या, आणि जेवणात मुंग्या आणि वाळवी.

मग दुसऱ्या पालकाकडे वळू. स्नॅपिंग टर्टल चिखलात दबा धरून बसतं. आपल्या नद्यांमधलं चित्रा कासवही वाळूत स्वतःला गाडून घेतं, आणि मासा टप्प्यात आला की मान बाणासारखी बाहेर फेकतं. वाट बघायला ऊर्जा फारशी लागत नाही. बुले थंड रक्ताचा मानला आणि खणणं फक्त लपण्यापुरतं ठेवलं, तर एका मोठ्या जेवणावर तो बरेच दिवस काढू शकेल. कोमोडो ड्रॅगन एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत खाऊ शकतो, तसंच. प्राणी तोच, पण आता तो कुठे आणि कितीच्या संख्येने राहील, याबद्दल तुम्ही तपासता येईल असं विधान करू शकता. यालाच हायपोथिसिस म्हणायचं.

तुमच्यासाठी गृहपाठ. प्रपोजलमधला मुख्य प्रश्न एका कागदावर लिहा. शेजारी डेटाशीटचे रकाने लिहा. प्रश्नातल्या प्रत्येक नामासाठी रकाना आहे का, बघा. नसेल तर आजच वाढवा. दोन वर्षांचं फील्डवर्क झाल्यावर गाईडने 'हा प्राणी खातो काय?' असं विचारलं, तर शेऱ्याचे कागद चाळत बसावं लागेल. आणि तिथे काही ओळींत उत्तर असेल, काहींत नसेल.