मनोविकार आणि व्यसन : आणीबाणीच्या प्रसंगी कोणते दार ठोठवावे

घरातील माणूस दोन रात्री झोपलेला नाही, भिंतीवर किडे चालताना त्याला दिसतात, हात थरथरतात आणि जवळ येणाऱ्यावर तो धावून जातो. अशा वेळी कोणाला बोलवावे, हा प्रश्न गोव्यातील अनेक कुटुंबांपुढे कधी ना कधी उभा राहतो. शेजारी पोलिसांचे नाव सुचवतात, वडीलधारे घाड्याकडे जाण्याचा आग्रह धरतात आणि निर्णय होईपर्यंत त्या माणसाला खोलीत कोंडले जाते. कायद्याच्या दृष्टीने मात्र ही इतर कोणत्याही गंभीर आजारासारखीच वैद्यकीय आणीबाणी आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत होऊन पुढील वर्षी लागू झाला. मद्य व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्था या कायद्याच्या ‘मानसिक आजार’ या व्याख्येतच समाविष्ट आहेत. त्यामुळे ‘हा वेडा नव्हे, बेवडा आहे’ असे म्हणून कोणालाही इस्पितळाच्या दारातून परत पाठवण्यास आधार उरत नाही.

वर वर्णिलेली अवस्था बहुधा दारू पिण्याने नव्हे, ती अचानक बंद झाल्याने येते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू मद्याच्या गुंगीशी जुळवून घेतो. ती गुंगी एकाएकी दूर झाली की मज्जासंस्था बेफाम होते. पहिल्या दिवशी कंप, घाम व मळमळ, पहिल्या दोन दिवसांत आकडी येण्याचा धोका, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना भ्रम, भास व तापासह येणारी ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ ही अवस्था, असा तिचा क्रम असतो. उपचाराविना ती प्राणघातक ठरू शकते. श्रावण पाळायचा म्हणून, किंवा घरच्यांनी बाटली फोडली म्हणून दारू सुटली, तर संकल्प कितीही चांगला असला तरी शरीर त्याची कदर करीत नाही. हाड मोडल्यामुळे इस्पितळात दाखल झालेला रुग्ण तिसऱ्या दिवशी बरळू लागतो, त्यामागेही अनेकदा हेच कारण असते. म्हणून दाखल होताना रुग्णाच्या पिण्याचे प्रमाण डॉक्टरांपासून लपवू नये. उपचार ठरलेले आहेत : बेन्झोडायझेपिन गटातील औषधे क्रमाक्रमाने कमी करीत देणे, पाणी व क्षार भरून काढणे आणि थायमिन हे जीवनसत्त्व टोचून देणे. थायमिनच्या अभावी स्मृतीची हानी कायमची होऊ शकते. रोज भरपूर पिणाऱ्याने, विशेषतः पूर्वी आकडी येऊन गेली असेल तर, वैद्यकीय देखरेखीशिवाय एका दिवसात दारू सोडू नये.

अफूवर्गीय पदार्थांचे संकट याच्या उलट असते. तेथे सोडण्याचा त्रास असह्य वाटला तरी धडधाकट माणसाच्या जिवावर क्वचितच बेततो. जीव जातो तो अतिमात्रेने. श्वास मंदावणे, ओठ निळे पडणे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे ही तिची चिन्हे. तत्काळ १०८ ला दूरध्वनी करावा आणि रुग्ण श्वास घेत असल्यास त्याला कुशीवर झोपवावे. नॅलोक्सोन हे उताऱ्याचे औषध काही मिनिटांत काम करते, परंतु त्याचा प्रभाव लवकर ओसरतो. शुद्धीवर आलेल्याला म्हणूनच लगेच घरी नेऊ नये.

अचानक झालेला प्रत्येक बुद्धिभ्रम मनोविकार नसतो. मधुमेहीची साखर उतरणे, डोक्याला मार लागणे, वृद्धांमधील जंतुसंसर्ग यांतही माणूस असाच वागतो. ताप, जखम, आकडी किंवा ग्लानी असल्यास आधी सामान्य इस्पितळाचा आपत्कालीन विभाग गाठणे श्रेयस्कर. गोव्यात गोमेकॉ आणि ‘आयपीएचबी’ या नावाने परिचित असलेली मनोविकार व मानवी वर्तन संस्था या दोन्ही बांबोळीतच आहेत, ही त्या दृष्टीने मोठी सोय. ही संस्था पूर्वी पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर होती आणि तेथील इस्पितळाला आबे फारिया यांचे नाव होते. कांदोळीत जन्मलेल्या व संमोहनामागे पाहणाऱ्याच्याच मनाची शक्ती असते असे मांडणाऱ्या या गोमंतकीयाचा पुतळा आजही जुन्या सचिवालयाशेजारी उभा आहे.

परंतु काणकोण किंवा सांगेच्या एखाद्या वाड्यावरून बांबोळी जवळ नाही. याच अडचणीवर कायद्याच्या ९४व्या कलमाचा उपयोग आहे. मृत्यू किंवा प्रकृतीची न भरून येणारी हानी टाळण्यासाठी, तसेच रुग्ण स्वतःला वा इतरांना गंभीर इजा करीत असल्यास, कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार करू शकतो, मग ते आरोग्य केंद्रात असोत वा रुग्णाच्या घरी. नामनिर्देशित प्रतिनिधी उपलब्ध असेल तर त्याची संमती घ्यावी लागते. या अधिकाराची मर्यादा ७२ तास, किंवा मानसिक आरोग्य संस्थेत तपासणी होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल ते. त्यात विजेचे झटके देता येत नाहीत. जवळच्या मानसिक आरोग्य संस्थेपर्यंत रुग्णाला नेणे हाही या उपचाराचाच भाग मानला आहे. रुग्णवाहिकेची सेवा शारीरिक आजाराच्या रुग्णाइतकीच व तशीच मिळण्याचा हक्क २१व्या कलमाने दिला आहे. ‘मानसिक रुग्णासाठी गाडी येत नाही’ हे उत्तर कोणी दिलेच, तर ते कायद्यात बसत नाही.

पोलिसांचे कामही निश्चित आहे. बेवारस भटकणारी व स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ, किंवा मानसिक आजारामुळे स्वतःला वा इतरांना धोका ठरणारी व्यक्ती आढळल्यास तिला संरक्षणात घेणे आणि २४ तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत पोहोचवणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्य आहे. अशा व्यक्तीला कोठडीत ठेवण्यास १००वे कलम कोणत्याही परिस्थितीत मनाई करते. घरातच कोणाचा छळ वा हेळसांड होत असेल, तर पोलिसांनी ते न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कानावर घालायचे असते. साखळदंडाने बांधणे तर सर्वत्र निषिद्ध आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत २८ मनोरुग्ण होरपळून मेले. त्यांपैकी बहुतेक साखळ्यांनी जखडलेले होते.

आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याला इस्पितळात नेल्यास खटला होईल, ही भीती अजूनही अनेकांना विलंब करायला लावते. ११५व्या कलमानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते. तिला शिक्षा करण्याऐवजी तिची शुश्रूषा व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेचे ३०९वे कलम उरलेले नाही. अमली पदार्थ सेवनाच्या आरोपात अडकलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतल्यास एनडीपीएस कायद्याचे ‘६४-अ’ कलम तिला खटल्यापासून संरक्षण देते. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ते काढून घेता येते.

‘मरावेसे वाटते का?’ असे थेट विचारल्याने कोणाच्या मनात तो विचार नव्याने रुजत नाही. उलट बोलण्यास वाट मिळते. औषधांच्या गोळ्या व कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालते आणि मराठीतूनही बोलता येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती सुरू झाली. व्यसनासंबंधी सल्ल्यासाठी १४४४६ हा क्रमांक आहे. जीव धोक्यात असेल तेव्हा १०८च.

इस्पितळातून घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे दाखल होण्याच्या दिवसाइतकेच जपण्याचे असतात. आत्महत्येचा धोका या काळात वाढलेला असतो. अफूवर्गीय पदार्थ सोडलेल्याची सहनशक्तीही उतरलेली असते, त्यामुळे मोहाच्या एखाद्या क्षणी घेतलेली पूर्वीचीच मात्रा आता त्याचा जीव घेऊ शकते. पुढील तपासणीची तारीख म्हणून घरी जाण्यापूर्वीच लेखी मागून घ्यावी, आणि ती चुकली तर कुटुंबानेच इस्पितळाशी संपर्क साधावा.