इंग्रजी व्याकरणशंका, मराठी भाषकांच्या

मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी वाक्य रचताना वारंवार पडणारे प्रश्न व ते सोडवण्याची शिकवणीतील रीत. या शंका अज्ञानापेक्षा मराठीच्या पक्क्या ज्ञानातून अधिक उपजतात. म्हणून त्यांचे मूळ आधी मराठी वाक्यात शोधावे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

पार्श्वभूमी : दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, त्याच्या मांडणीवर लिंडली मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाची छाप असल्याचे मानले जाते. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चे. राज्यातील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आले ते २००० मध्ये.

काळ : शालेय मराठी व्याकरणातील काळांची नावे इंग्रजी काळांच्या नावांशी जुळतात, पण त्यांचे काम जुळत नाही. घोळ येथेच होतो. ‘मी काल ठाण्याला गेलो होतो’ हा पूर्ण भूतकाळ; म्हणून विद्यार्थी ‘आय हॅड गॉन’ लिहितो. मराठीत ‘होतो’ने घटना संपून मागे पडल्याचे कळते, तेवढे पुरते. इंग्रजी ‘हॅड’ला मात्र भूतकाळातलीच दुसरी, नंतरची घटना किंवा वेळ लागते, ती नसेल तर साधे ‘वेंट’. ‘मी तीन वर्षांपासून कोलशेतला राहतो’ या वाक्यात दुहेरी अडचण आहे. ‘पासून’ हा एकच शब्द ‘२०१९ पासून’ आणि ‘तीन वर्षांपासून’ दोन्हीकडे चालतो; इंग्रजीत आरंभबिंदूला ‘सिन्स’, कालावधीला ‘फॉर’. शिवाय मराठीला येथे साधा वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजीला ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागते.

विभक्ती व शब्दयोगी अव्यये : ‘कोलशेतला जातो’, ‘कोलशेतला राहतो’, ‘कोलशेतला पोचलो’ या तिन्ही वाक्यांत प्रत्यय एकच. इंग्रजीत जाताना ‘टू’, राहताना ‘इन’ आणि ‘रीच’पुढे काहीच नाही. अव्ययांची यादी पाठ करून हे सुटत नाही. अव्यय क्रियापदासह शिकवावे.

उपपदे : मराठीत ‘ए’ आणि ‘द’ नाहीत, म्हणून ती भेदकल्पनाच मराठी माणसाला परकी, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. ‘मी डॉक्टर शोधतोय’ म्हणणाऱ्याला कोणताही डॉक्टर चालेल. ‘मी डॉक्टरांना शोधतोय’ म्हणणाऱ्याला ठरावीक डॉक्टर हवे आहेत. पहिला ‘ए’, दुसरा ‘द’. हा भेद मूल शाळेत जाण्याआधीच अचूक पाळते. निर्जीव वस्तूंच्या बाबतीत मराठीत अशी सोय क्वचितच मिळते, तिथे संदर्भच पाहावा लागतो. पण विषयाचे दार या जोडीने उघडते.

होकार-नकार : ‘जेवला नाहीस?’ याला ‘हो, नाही जेवलो’ हे मराठीत बरोबर; इंग्रजीत ‘नो’.

उच्चार : स्वतंत्र विषय.

आक्षेप : पहिला आक्षेप असा की मातृभाषा वर्गात आणली तर विद्यार्थी भाषांतरच करत राहील, इंग्रजीत विचार करणार नाही. पण भाषांतर तो तसेही मनातल्या मनात करतच असतो. ते फळ्यावर आले तरच तपासता येते. शंका मराठीत उलगडावी, सराव इंग्रजीत करावा, एवढी विभागणी पुरेशी आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ठाण्यातील कोलशेतसारख्या, कारखान्यांच्या जागी निवासी संकुले उभी राहिलेल्या भागात एकाच शिकवणीला मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ मुले बसतात. मराठीचा आधार सर्वांना कसा पुरणार? येथे शिक्षकाने उत्तर न देता प्रश्न विचारावा: ‘तुझ्या भाषेत हे कसे म्हणशील?’ डॉक्टरांच्या उदाहरणात हिंदीतला ‘को’ आणि गुजरातीतला ‘ने’ मराठीतल्या ‘ना’चेच काम करतात. द्राविडी भाषकांसाठी उदाहरण बदलावे लागते, रीत नव्हे. ‘टुडे मॉर्निंग’सारखे भारतीय इंग्रजीत रुळलेले प्रयोग चूक मानावेत का, याविषयी एकमत नाही, परीक्षेत प्रमाण रूपच अपेक्षित असते.

शिक्षकांसाठी : विद्यार्थ्याकडून वाक्य आधी मातृभाषेत म्हणवून घ्यावे, त्यातला एकच शब्द वा प्रत्यय बदलून अर्थ कसा पालटतो ते त्यालाच सांगू द्यावे, मग दोन इंग्रजी वाक्ये शेजारी मांडावीत, नियम शेवटी. ज्या चुकीने अर्थ बदलतो ती आधी सुधारावी. ‘हॅड गॉन’ लिहिणाऱ्याला व्याकरण येत नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्याला एक व्याकरण उत्तम येते. दुसरे त्याच्याच आधाराने शिकवायचे आहे.